तेवीस गार सकाळी

मी एक जुना मीटर आहे. मित्रांनो, मीटर म्हटल्यावर लगेच तोंड वाकडे करू नका. मी बिल पाठवणारा मीटर नव्हे, अभ्यासातला मीटर. सध्या कॉलेजच्या एका लोखंडी कपाटात जुन्या वायरींच्या गुंडाळ्यांखाली पडून आहे. इथे मला कोणी नावे ठेवत नाही. तरी माझी मान खालीच असते. का, ते आज सांगून टाकतो.

माझा जन्म याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाला. तिथल्या एका बाईंना पाहायचे होते की घरात पाणी किती लागते आणि ते तापवायला वीज किती लागते, हे दोन्ही एकत्र मोजले तर काय कळते. तोवर पाणी मोजणारे वेगळे आणि वीज मोजणारे वेगळे. दोघांची तोंडे दोन दिशांना. म्हणून बाईंनी मला दोन कान दिले. एक पाण्याच्या पाइपवर बसायचा, दुसरा गिझरच्या तारेवर. वर एक छोटा पडदा आणि तीन दिवे : कमी वापराला हिरवा, मध्यमला पिवळा, जास्तला लाल. तोंड तेवढे दिले नाही.

महिनाभरासाठी माझी रवानगी एका तीन खोल्यांच्या घरी झाली. घरातले काका छापखान्यात कामाला होते. घरी काकू, त्यांची शाळकरी लेक आणि काकांची थोरली बहीण. लेक तिला आत्या म्हणायची, म्हणून मीही म्हणतो. आत्या गेल्याच वर्षी भावाकडे राहायला आली होती. बिचारी चहाचा दुसरा कपसुद्धा मागून घेत नसे. तिचे गुडघे दुखायचे. थंडीच्या दिवसांत सकाळी सहाला दीड बादली कढत पाणी घेतले की मग कुठे ते दिवसभर वाकायचे.

काकांना माझे भारी कौतुक. रोज चहाच्या वेळी ते माझ्यापुढे उभे राहत आणि कालचा आकडा मोठ्याने वाचत. आकड्यात दिवसाची फक्त बेरीज दिसे. कोणी किती वापरले ते दिसत नसे. पहिला आठवडा रोज लाल दिवा लागला.

"काल पुन्हा लाल! कोण एवढं उकळतंय रे या घरात?" काका हसत म्हणायचे.

ती थट्टा होती. काकू हसायची, लेक खिदळायची. आत्या कप विसळायला उठून जायची.

आठव्या दिवशी सकाळी सहाला नळ सुटला. पाण्याच्या कानात नेहमीइतकीच दीड बादली वाहिली. विजेच्या कानात मात्र काहीच नाही. मित्रांनो, मला दोन्ही कानांनी स्वच्छ कळत होते की बाहेर थंडीने हात आखडत असताना आतमध्ये कोणीतरी गार पाणी अंगावर घेते आहे. आणि मी काय केले? दिवसाची बेरीज कमी भरली म्हणून हिरवा दिवा लावला. दुसऱ्या दिवशी हिरवा. तिसऱ्या दिवशीही हिरवा. असे तेवीस दिवस.

महिना संपला तेव्हा माझ्यासारखे मीटर बसवलेल्या सगळ्या घरांना कॉलेजच्या सभागृहात बोलावले. सर्वांत जास्त बचत आमच्या घरची. काकांनी ताठ मानेने व्यासपीठावर चढून प्रशस्तिपत्रक घेतले, टाळ्यांचा कडकडाट झाला. शेवटच्या रांगेत आत्याही टाळ्या वाजवत होती. खुर्चीवरून उठताना तिला काकूचा हात धरावा लागला. हे सगळे मला भिंतीवर रात्री लेकीच्या बडबडीतून कळले.

दुसऱ्याच दिवशी बाई मला काढायला आल्या. हातात माझ्या तासातासाच्या नोंदींचे कागद होते आणि कपाळावर आठ्या.

"सकाळी सहाला पाणी पडतंय, पण वीज शून्य. तेवीस दिवस हेच," त्या म्हणाल्या. "मीटर बिघडला होता का हो?"

मी मनात म्हटले, हो म्हणा, कोणीतरी हो म्हणा. बिघडलेला ठरलो असतो तर बरे झाले असते.

काकूने हळूच आत्याकडे पाहिले.

"गार पाण्यानं काही होत नाही गं," आत्या पदराशी चाळा करत म्हणाली. "सवय होते."

"ताई, अगं पण का?" काकांनी विचारले.

"तू रोज विचारायचास ना, कोण उकळतंय म्हणून. म्हटलं, माझ्यापायी तुझं घर लाल नको."

"मी थट्टा करायचो गं!"

"माहितीये रे. पण मला लाज वाटायची."

बाईंनी गुपचूप कागदावरच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवले. संध्याकाळी सात. पाणीही भरपूर, वीजही भरपूर. काका त्या वेळी छापखान्यातून येत, शाईचे हात धुवायला गरम नळ सोडत आणि तो वाहता ठेवूनच साबण, दगड, पुन्हा साबण करत उभे राहत. काकांनी आपल्या हातांकडे पाहिले. नखांत शाई होती. "म्हणजे सगळ्यांत जास्त मीच उकळत होतो," ते म्हणाले आणि खाली बसले. मी भिंतीवर पुरता कानकोंडा झालो.

बाईंनी मला आणखी आठवडाभर तिथेच ठेवले. दुसऱ्या दिवशी पहाटे काकाच आधी उठले, गिझरचे बटण दाबले आणि हाक मारली, "ताई, पाणी तापलंय!" संध्याकाळी ते हात आधी तेलाच्या चिंधीने पुसू लागले, मग बादलीत धुऊ लागले. ते प्रशस्तिपत्रक त्यांनी बाईंना परत दिले. पण आत्याचे गुडघे त्या थंडीत पूर्वीसारखे झाले नाहीत, ते मला रोज सकाळी कळत होते. अंघोळीला आता तिला दुप्पट वेळ लागायचा.

मित्रांनो, पाणी जपा, वीजही जपा. त्यासाठीच तर मी जन्मलो. पण घरातला आकडा एकदम खाली आला, तर टाळ्या वाजवण्याआधी घरातल्या सर्वांत गप्प माणसाजवळ जाऊन बसा आणि विचारा, "तू काय सोडलंस?" मला सगळे ऐकू येत होते, पण विचारता येत नव्हते. तुम्हाला तोंड आहे.