दोन बोटे आखूड

मित्रांनो, रंगनाथच्या थोरल्या मुलीचे, चांगुणाचे, बारसे झाले त्या वर्षी, म्हणजे १९४१ साली, माझा जन्म झाला. मी एक जुना लाकडी गज आहे. पाथर्डीच्या सुताराने मला शिसवी लाकडातून घडवले आणि दोन्ही टोकांना पितळी टोपणे बसवली. रंगनाथच्या कापड दुकानात मी वार मोजत असे.

तीन वर्षे सुखाची गेली. पण रंगनाथला हाती येईल त्या वस्तूने काम उरकायची खोड. माझ्याने तो दुकानाच्या फळ्या ढकली, आत शिरलेल्या शेळ्या हाकली. एकदा मी उंबऱ्यावर आपटलो आणि टोपणासकट टोक पिचले. "पिचलेलं कापून टाक," त्याने सुताराला सांगितले. सुताराने कापले, वर छान गुळगुळीत केले. मी दोन बोटे आखूड झालो, आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात ते आले नाही!

त्या उन्हाळ्यात छबूबाईने तीन मुलांच्या सदऱ्यांसाठी नऊ वार मांजरपाट नेले. याकोब शिंप्याने शिवले, तर तिसऱ्या सदऱ्याला एकच बाही. तो सदरा घेऊन ती भर बाजारात दुकानापुढे उभी राहिली.

"रंगनाथा, माज्या पोराला एकच हात हाय व्हय रं?"

"मावशी, शिंप्यानं ढापलं आसंल."

"याकोबाचं नाव घिऊ नगंस! त्यो तुज्यावानी न्हाई."

झाले! "पाथर्डीत सदरा घ्या, एक बाही रंगनाथला ठेवा," असे लोक हसत म्हणू लागले. पायरी कोणी चढेना. रंगनाथने नवी पाटी रंगवली, दारात लिंबू-मिरची बांधली, येणाऱ्याजाणाऱ्याला चहा पाजला, देवाच्या शपथा घेतल्या. शपथ घेतानासुद्धा मी त्याच्याच हातात होतो! अरे बाबा, एकदा मला मोजून बघ की! पण गजाचे ऐकतो कोण?

"दिवाळीला फळ्या लावायच्या त्या कायमच्याच," त्याची बायको राहीबाई म्हणाली.

शेवटी याकोबच आपली फीत घेऊन आला. "आळ माज्यावर घेतलात, रंगनाथराव. आता हा तुमचा गज धरा हितं."

फीत माझ्यापुढे दोन बोटे गेली.

"मी लबाडी न्हाई केली, याकोब," रंगनाथ कसाबसा म्हणाला.

"न्हाई केली. पन बघितलं बी न्हाई."

पुढच्या बाजारी रंगनाथने दवंडी दिली, "ज्याची बाही गेली त्यानं न्यावी!" प्रत्येकाला त्याने एका बाहीचे कापड मोजून दिले, वर याकोबाची हात जोडून माफी मागितली.

रांगेत गावचा कारभारीही उभा राहिलेला पाहून राहीबाई कुरकुरली, "अवो, त्या कारभाऱ्यानं आपल्याकडनं कदी रुमाल बी नेला न्हाई!"

"नेऊ दे."

पुढच्या बाजाराला तोच कारभारी धोतरजोडी घ्यायला आला. त्याच्यामागून बाकीचे आले. दिवाळीला फळ्या उघड्याच राहिल्या.

दुकानात लोखंडी गज आला. मला मात्र रंगनाथने फेकले नाही. नव्या गजाशेजारी खुंटीला टांगले, म्हणजे फरक सगळ्यांना दिसावा. लाज वाटते, पण लटकतो आहे.

मित्रांनो, ज्याने मोजता त्याने शेळ्या हाकू नका. आणि आपले माप अधूनमधून दुसऱ्याच्या मापाला लावून बघा. शपथा नंतर घ्या.

छबूबाईच्या मुलांनी तिचे शेवटचे कापड रंगनाथच्याच दुकानातून नेले. मोजताना गज खरा आहे ना, हे कोणाला पाहावेसेही वाटले नाही. छबूबाई १९४९ साली श्रावणात वारली.