बरणीला लागलेला हात

लोणचं हिरवं पडलं तेव्हा संजीवनी बाहेर बसली होती. बाहेर म्हणजे पडवीत, जुन्या चटईवर, आपलं वेगळं ताट आणि वेगळा तांब्या जवळ घेऊन. खर्डीजवळच्या या पाड्यावर आता निम्म्या घरांतल्या सुनांनी हे सोडून दिलंय. कुणी सांगत नाही, कुणी विचारत नाही, आणि कुणाचं काही अडत नाही. ताराबाईंच्या घरात मात्र महिन्याचे ते दिवस कडकडीत पाळले जायचे. दोन पाळ्या त्यांना तोंडपाठ असत: थोरल्या मुलाची, जयरामची, कारखान्यातली, आणि त्याच्या बायकोची, म्हणजे संजीवनीची. जयरामची एखादे वेळी चुकायची, संजीवनीची त्या चुकू द्यायच्या नाहीत.

ती बाहेर बसली की ताराबाई लांबूनच ताट सरकवायच्या आणि दर खेपेला एकच वाक्य म्हणायच्या, "असूंदे गो. पुढच्या महिन्यात बघू." लग्नाला पंधराएक वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. ताराबाईंनी त्यावरून कधी टोमणा मारला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. त्या फक्त पुढचा महिना मोजत राहायच्या. कधीकधी संजीवनीला वाटायचं, यापेक्षा टोमणा बरा.

त्या सकाळी आतून धाकट्या जावेची किंकाळी आली. "आई! अहो आई! हे बघा काय झालंय!"

रुचिता आसनगावची, धाकट्या मुलाची, हितेशची बायको. तिला पाचवा महिना लागला होता आणि घरातल्या या पहिल्या बाळासाठी ताराबाई उड्या मारायच्या तेवढ्या बाकी होत्या. रुचिताला आंबट खावंसं वाटलं, म्हणून त्यांनी शहापूरच्या बाजारातून नव्या लसणाच्या जुड्या आणल्या. पुरत्या वाळलेल्याही नव्हत्या, देठाला ओल होती. सगळा लसूण सोलून, लिंबाच्या रसात बुडवून, मीठ-मोहरी-तिखट लावून त्यांनी चिनी मातीची बरणी भरली, वर फडकं बांधलं आणि अंगणाच्या दगडी गडग्यावर उन्हात ठेवली. रुचितानं कालपासून त्यातल्या सात-आठ पाकळ्या मिटक्या मारत खाल्ल्या होत्या. काल संध्याकाळच्या अंधुक उजेडात तिला रंग दिसला नव्हता. आता दिसला. पाकळ्या निळसर हिरव्या झाल्या होत्या, थेट मोरचुदासारख्या. भातशेतीच्या घरात मोरचूद सगळ्यांना ठाऊक असतो. तो फवारायचा असतो, खायचा नसतो.

ताराबाई बरणी घेऊन पडवीच्या उंबऱ्याशी आल्या. त्यांच्या मागे रुचिता, एक हात पोटावर आणि एका हातात फोन.

"मोबाइलवर एकीकडे लिहिलंय खा, काही होत नाही," ती रडत म्हणाली. "दुसरीकडे लिहिलंय लसणात विष होतं, माणसं मरतात. मी काय करू? मला शहापूरला दवाखान्यात न्या."

"आई, इथं ठेवा," संजीवनी म्हणाली. "मला बघू द्या."

ताराबाईंनी बरणी हातात दिली नाही, उंबऱ्यावर ठेवली. संजीवनीनं लांबूनच वाकून वास घेतला. लिंबाचा, लसणाचा, मोहरीचा झणका, बाकी काही नाही. रसावर फेस नव्हता, बुडबुडे नव्हते, बुरशीचा तंतू नव्हता. पाकळ्या फुगून बुळबुळीत झाल्या नव्हत्या, टणक होत्या.

"चांगलंय," ती म्हणाली. "ओला लसूण आंबटात घातला का असा हिरवा होतो. मुरबाडला बचतगटाच्या शिबिरात बाईंनी दाखवलेलं आमाला. रंगाला घाबरायचं नाय. घाण वास आला, फेस आला, पाकळी बुळबुळीत झाली, तर टाकायचं. हे खाल्लं तरी चालतं."

ताराबाईंनी कपाळाला हात लावला. "बघा! त्या दिवशी चांगलं होतं ते फेकलंन, आन आज नासलं ते चांगलं म्हणते!"

त्या दिवशीची गोष्ट खरी होती. आठवड्यापूर्वी संजीवनीनं चुलीजवळच्या फळीवरची तेलाची बाटली उकिरड्यावर रिकामी केली होती. ताराबाईंनी रुचिताच्या फोडणीसाठी सोललेला लसूण गोड्या तेलात घालून ठेवला होता. दिसायला सोन्यासारखा पिवळा, वासाला झकास. पण शिबिरातल्या बाई त्यावर पुन्हा पुन्हा बजावून बोलल्या होत्या: नुसत्या तेलातला लसूण उबेला ठेवायचा नाही. आत हवा नसते, आंबट काही नसतं, विष धरतं आणि त्याचा वास येत नाही की रंग बदलत नाही. ठेवायचाच तर फ्रिजमध्ये, तोही दोन-चार दिवस. अख्ख्या जुड्या मात्र वाऱ्याला टांगा, फ्रिजमध्ये कोंबू नका. संजीवनीनं हे सगळं ताराबाईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, आमच्या सासवांनी काय शिबिरं केली होती? मग तिनं न विचारता बाटली ओतली आणि दिवसभर बोलणी खाल्ली.

"लसूण असा होत नाय," ताराबाई आता हळू आवाजात म्हणाल्या. "माझी उमर गेली लोणची घालण्यात. बरणीला हात लागलाय. कुनाचा तरी नको तेव्हा हात लागलाय."

लोणचं विटाळानं नासतं हे त्यांच्यासाठी सूर्य पूर्वेला उगवतो तितकं पक्कं होतं. रुचितानं मान वर केली.

"ताई, तुम्ही काल उचलली होती बरणी. मी खिडकीतून बघितलं."

तेही खरं होतं. काल दुपारी कोंबडी गडग्यावर चढली, बरणी हलली, आणि संजीवनीनं पडवीतून धावत जाऊन ती पडता पडता धरली. धरली, पुसली, सावलीत ठेवली आणि परत चटईवर येऊन बसली. हात लावताना तिला क्षणभरही भीती वाटली नव्हती. तिला माहीत होतं की तिच्या हातात भिण्यासारखं काही उरलेलंच नाही.

कारण तिला पाळी येतच नव्हती. वर्षभर मागंपुढं होत होती आणि दसऱ्यानंतर आलीच नाही. पहिली तारीख टळली तेव्हा तिला वाटलं, दिवस गेले. तिनं कुणालाही सांगितलं नाही, आणि आधीच मागंपुढं होत असल्यानं ताराबाईंनाही शंका आली नाही. दिवाळी सरल्यावर माहेरी मुरबाडला गेली तेव्हा भावजयीला, प्रेमाला, घेऊन दवाखान्यात गेली. रक्ताची तपासणी झाली, सोनोग्राफी झाली, आणि डॉक्टरबाईंनी समोर बसवून सांगितलं की काही बायकांचं चाळिशीच्या आतच बंद होतं, तुमचं झालंय, मुलाची आशा आता धरू नका. बाहेर आल्यावर प्रेमा रडली. संजीवनी रडली नाही. तिनं रस्त्यापलीकडच्या दुकानातून ताराबाईंसाठी चकलीचा साचा घेतला, कारण त्यांनी सांगितला होता.

तेव्हापासून तिला काही लागेनासं झालं होतं. तव्याचा चटका बसला तरी हात उशिरा मागे यायचा. जेवणाला चव नव्हती, मीठ जास्त की कमी ते ती जयरामच्या तोंडाकडे बघून ठरवायची. पण घरी आल्यावर तिला एक गोष्ट कळली. पाळी चुकली हे ताराबाईंना समजलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी पेढे वाटले असते. म्हणून ती तारीख आली तशी चटई घेऊन पडवीत जाऊन बसली. पुढच्या महिन्यात परत बसली. जयरामलाही तिनं सांगितलं नाही.

"ताई, बोला ना," रुचिता हुंदके देत म्हणाली. "का हात लावला? तुम्हाला माहीत होतं मी खाते. तुम्हाला बघवत नसेल ना, तर सरळ सांगा. मी बाळंत होईपर्यंत माहेरी जाते."

गडग्यावर तीच कोंबडी परत येऊन बसली होती.

एरवी कुणी असं बोललं असतं तर संजीवनी उभी पेटली असती. आज तिला एवढंच दिसलं की या पोरीचे ओठ पांढरे पडलेत आणि पोटावरचा हात ती सोडत नाही. शिबिरातल्या बाईंचं ज्ञान इथं कुचकामाचं होतं. कोंबडीची गोष्ट सांगूनही काही होणार नव्हतं. या घरात एकच पुरावा चालणार होता आणि तो फक्त तिच्याजवळ होता. तो दिला की पुढचा महिना संपला. कायमचा संपला.

"माझा हात विटाळाचा नव्हता," ती म्हणाली.

"आता बाहेर बसलीयस ना तू?" ताराबाई म्हणाल्या.

"उगाच बसलेय. मला पाळी नाय येत. दसऱ्यापासून नाय. मुरबाडच्या डॉक्टरबाईंनी सांगितलंय, बंद झाली. आता नाय येनार."

तिचा आवाज बाजारातला भाव सांगावा इतका साधा होता. ताराबाई तिच्याकडे टक लावून बघत राहिल्या.

"शपथ?"

"तुमची शपथ, आई."

ताराबाईंनी एवढा मोठा श्वास सोडला की खांदेच खाली आले. त्यांचा चेहरा उजळला. होय, उजळला, दुसरा शब्द नाही.

"मग लोणच्याला काय नाय झालेलं!" त्या रुचिताकडे वळल्या. "ऐकलंस ना? काय नाय झालेलं. रड नको गो. खा तू, बिनघोर खा. माझ्या नातवाला काय होत नाय."

त्यांनी स्वतः एक पाकळी तोंडात टाकली, एक रुचिताच्या हातावर ठेवली. रुचितानं नाक पुसलं, पाकळी उलटसुलट करून बघितली आणि खाल्ली. मग आणखी एक घेतली. संजीवनीकडे न बघता ती "सॉरी, ताई" असं काहीतरी पुटपुटली आणि आत जाऊन आडवी झाली.

ताराबाई बरणीवर फडकं बांधायला लागल्या. एक वेढा दिला, दुसरा दिला, आणि त्यांचे हात थांबले. आपण कशानं खूश झालो ते त्यांना तेव्हा पोचलं.

"दसऱ्यापासून?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"हां."

"मग बसत का होतीस गो इथं? दर महिन्याला?"

संजीवनीनं चटईची निघालेली काडी बोटानं आत ढकलली. "तुमी मोजता ना, आई. मी बसले का तुमी म्हनता, पुढच्या महिन्यात बघू."

ताराबाई फडकं तसंच टाकून पडवीत आल्या. त्यांनी संजीवनीचं वेगळं ताट आणि तांब्या उचलला, मोरीवर नेऊन राखेनं घासला आणि आतल्या मांडणीवर सगळ्यांच्या ताटांत मिसळून ठेवला. आता ते ताट कोणतं, हे कुणाला ओळखता आलं नसतं. संजीवनीला वाटलं की आता रडू येईल. तिनं वाट पाहिली. आलं नाही.

"आत ये," चुलीजवळून ताराबाई म्हणाल्या. "भाकऱ्या टाकायच्यात."

तिनं चटई गुंडाळली, भिंतीशी उभी केली आणि आत गेली. भाकऱ्या झाल्या. ताराबाईंनी पहिली भाकरी तिलाच वाढली, शेजारी बसल्या आणि बरणीतली एक हिरवी पाकळी तिच्या ताटात घातली.

"कसं झालंय?"

संजीवनीनं पाकळी चावली. चव तिला काही कळली नाही.

"बेस झालंय," ती म्हणाली.

ताराबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग फडकं आणि सुतळी तिच्यापुढे सरकवली.

"यापुढं तूच बांध," त्या म्हणाल्या. "तुला आता बारा महिने चालतंय."

संजीवनीनं बरणी मांडीवर घेतली आणि गाठ मारली.