आंबट तीर्थ

"सुभे, लोकांच्या मनात काही उतरवायचं असेल, तर आधी त्यांच्या हातात काहीतरी ठेव. रिकाम्या हातांचा माणूस ऐकत नाही, जांभया देतो."

माझे वडील पुराण सांगत. पोथी सोडण्याआधी ते प्रत्येक श्रोत्याच्या हातावर तुळशीचं पान ठेवत आणि मला हे बजावत. मी त्यांची पोथी घेतली, आवाज मात्र मला मिळाला नाही. दुपारी आमच्या ओसरीवर बायका पोथीला बसतात, तेव्हा माझा आवाज तिसऱ्या ओळीपर्यंत जाता जाता दमतो. मागच्या बायकांना शेजारच्या रंभाबाई मोठ्यानं सांगतात, "आता देव वनात गेला म्हणते वं!"

धवलनाथ महाराजांना रंभाबाई लागत नसत. त्यांचा आवाज आमच्या सक्करदऱ्याच्या तळ्याच्या या काठावरून त्या काठावर जाई आणि तिथल्या म्हशीही माना वळवत.

त्या वैशाखात पटकीची साथ आली. आमच्या गल्लीतली दोन माणसं गेली. दवाखान्याच्या डॉक्टर वामनरावांनी आमच्या विहिरीत लाल दवा टाकली आणि पाणी फिकं गुलाबी झालं. एवढ्यावर थांबते तर बरं होतं. पण त्यांनी टेबलावर उभं राहून व्याख्यान दिलं. सूक्ष्म जंतू, विद्रावण, दर शेकडा प्रमाण! ऐकायला अकरा माणसं होती. त्यांतली चार तापाची पुडी मागायला आली होती, आणि व्याख्यान संपेपर्यंत तीही पुडीशिवाय परत गेली. खरं बोलणाऱ्या माणसाला नीट बोलण्याची गरजच वाटत नाही, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

चौथ्या दिवशी महाराज आले. पिंपळाखाली व्याघ्रचर्म (जवळून पाहिलं तर रंगवलेलं बोकडाचं), हातात कमंडलू, समोर काचेचा पेला आणि भोवती सगळं सक्करदरा.

"बोलो, पानी किसका?"

"देवाचं!"

"देवानं पाण्याले रंग देला काय?"

"नाही!"

"मंग हा रंग कोणी देला?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. मी पुराणिकाची मुलगी आहे, मनातल्या मनात त्यांना दाद दिली. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लोकांच्या तोंडून काढायची आणि तिसऱ्याची भीती त्यांच्या पोटात सोडून द्यायची!

मग त्यांचा शिष्य रामाजी आमच्या विहिरीचं गुलाबी पाणी पेल्यात ओती. महाराज डोळे मिटत, "हर हर गंगे" म्हणत आणि कमंडलूतलं गंगोदक त्यात सोडत. बघता बघता रंग नाहीसा! पाणी स्फटिकासारखं!

"जहर उतर गया!" रामाजी ओरडे, आणि लोक नारळ, तूप, धोतरजोड्या घेऊन पुढे सरकत. महाराज विरक्त होते, म्हणून हे सगळं रामाजी उचलून ठेवी.

आज्ञा अशी होती की लाल विहीर सोडावी आणि तळ्याचं पाणी प्यावं.

माझ्या घराला लागून देवकीचं घर. तिची मनकर्णा पाच वर्षांची, दिवसभर माझ्या तुळशीपाशी खेळणारी. मी देवकीला विचारलं, "मनकर्णाला कुठलं पाणी देतेस गं?"

"तळ्याचं. महाराजानं सांगतलं ना, लाल पानी लेकराच्या पोटात गेलं का आतडं जळते."

"अगं, तळ्यात म्हशी बसतात."

"मंग म्हशीले काही झालं काय कधी?"

ती पुढे म्हणाली, "म्या तं कळमन्याले माह्या भावालेबी निरोप धाडला. चंपतदादाले म्हटलं, लाल दवा विहिरीत टाकू देऊ नको, महाराज गुरुवारी तुमच्याकडेच येऊन राहिले."

मी त्या दिवशी देवापुढे जरा जास्तच वेळ बसले. मनकर्णा बाहेर पाण्याचा गडू तोंडाला लावून गटगट पीत होती. तो आवाज मला देवघरात ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी एकादशी. वैशाखातलं ऊन, निराहार उपास, फक्त दुपारी लिंबाचं सरबत घ्यायची माझी रीत. पाणी आमच्या विहिरीचं, गुलाबी. लिंबू पिळलं आणि ढवळणार तोच पाहते तर रंग गेलेला.

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला वाटलं, माझ्या चोवीस वर्षांच्या एकादश्या फळाला आल्या! अंगावर काटा आला. पण मी दुसरी वाटी भरली, लिंबू पिळलं, आणि यावेळी मुद्दाम देवाचं नाव घेतलं नाही. उलट धाकट्या जावेचा विचार केला. तरीही रंग गेला. मग मी समजले.

तशीच ती वाटी घेऊन वामनरावांकडे गेले. ते उठून उभेच राहिले. "अहो, साधी गोष्ट आहे! त्या द्रव्याचा आम्लाशी संयोग झाला असता..."

"डॉक्टर, तीन वाक्यांत सांगा."

"तीन वाक्यांत? आणि सायन्स?"

"बायकांच्या डोक्यावर घागर असते. त्या तेवढाच वेळ थांबतात. आणि तेही मी सांगेन तेव्हा बोला, आधी नाही."

बिचारे रात्रभर घोकत बसले असावेत.

द्वादशीच्या सकाळी पिंपळाखाली गर्दी होती. पोथीच्या बायकांना मी सांगून ठेवलं होतं की नवी कल्हई केलेली वाटी आणा आणि विहिरीचं पाणी भरून आणा. प्रसाद म्हणून प्रत्येकीच्या हातात मी रंभाबाईंच्या झाडाच्या लिंबाची पानात गुंडाळलेली फोड ठेवली होती. कुणी विचारलं नाही. व्रतं करणाऱ्या बाईनं दिलेला प्रसाद कोण उघडून बघतं? आमच्या लोकांच्या या सवयीवर महाराजांचं पोट चालत होतं. मीही त्या दिवशी ती वापरली.

महाराजांचे दोन प्रश्न झाले, तिसरा झाला, गंगोदक पेल्यात पडलं, जहर उतरलं. मी पुढे होऊन हात जोडले.

"महाराज, माझा एकादशीचा उपास आहे. तीर्थ घेतल्याशिवाय मी पारणं करत नाही. ओंजळीत थोडं गंगोदक द्यावं."

"काय म्हणते ही?"

रंभाबाई गरजल्या, "तीर्थ मागते बाप्पा! उपाशी हाय कालपासून!"

महाराज चपापले. "हे गंगोदक पिण्याचं नाही, माई. हे केवळ विषहरण."

गर्दीत कुजबुज झाली. विष्णूच्या उपासाला बसलेल्या बाईला तीर्थ नाकारायचं? असं कुणी ऐकलं नव्हतं. मागून एक म्हातारा म्हणाला, "द्या ना गा एक पळीभर. गंगा आटते काय त्यानं?"

द्यावंच लागलं. मी ओंजळीतलं तीर्थ घेतलं, उरलेलं देवकीच्या तळहातावर सोडलं आणि रंभाबाईंच्याही. देवकीनं जिभेला लावलं, आणि तिचा चेहरा लिंबू चाखल्यावर होतो तसाच झाला.

"आंबट हाय वं!"

"लय आंबट!" रंभाबाईंनी तळ्यापलीकडे कळवलं.

महाराज कसलेले गडी. क्षणात उभे राहिले, डोळे लाल केले. "गंगा आंबट झाली तुमच्या पापानं! या गावात पाप भरलंय!"

आणि काय सांगू, लोक पुन्हा डुलले! एक-दोघांनी कान धरले. देवकीनं माझ्याकडे पाहिलं, मग महाराजांकडे. कुणावर विश्वास ठेवावा, हा प्रश्न तिच्या तोंडावर सरळ वाचता येत होतं. तिच्या कडेवर मनकर्णा होती.

मी रंभाबाईंच्या कानात पुटपुटले. त्या ओरडल्या, "बायाहो, आपापला प्रसाद उघडा अन् वाटीत पिळा!"

बावीस वाट्या, बावीस फोडी. एकेक वाटी गुलाबीची पांढरी होत गेली. "अवं माय!" "माह्याबी वाटीतला गेला!" रंभाबाई आपल्या वाटीकडे बघतच राहिल्या. मग कमरेवर हात ठेवून महाराजांना म्हणाल्या, "हे लिंबू माह्या परसातल्या झाडाचं हाय. त्याले गंगा कोण घालते गा? मीच तं घालतो खरकटं पानी!"

आधी एक हसली. मग सगळीच हसली. रागावलेल्या गर्दीला महाराजांनी शाप दिला असता, पण हसणाऱ्या गर्दीचं काय करायचं, हे कुठल्याच बुवाला शिकवलेलं नसतं.

मी वामनरावांना खूण केली. ते टेबलावर चढले नाहीत. देवकीसमोर उभे राहून म्हणाले, "लाल दवा पाण्यातले रोगाचे जंतू मारते. लिंबाचा रस पडला की ती त्या रसावरच खर्च होते, म्हणून रंग जातो. महाराज विष उतरवत नव्हते, तुमचं औषध उतरवत होते."

बरोबर तीन. चौथं वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं, पण गिळलं त्यांनी.

दुपारी महाराज अंतर्धान पावले. त्यासाठी त्यांना रामाजीची दमणी लागली, आणि तुपाचे डबे असल्यानं बैल जरा सावकाश अंतर्धान पावत होते. वाट कळमन्याची.

मी आजही एकादशी करते. माझ्या देवाला पाण्याचे रंग उडवून दाखवायची हौस नाही, आणि असा खेळ करणाऱ्याला तो जामीनही राहत नाही. म्हणून माझ्या मैतरणींनो, हात जोडून सांगते. बोलणं कितीही गोड असलं, तरी आधी तीर्थ चाखून बघा. मग तेच आपल्या हातानं करून बघा. आणि दुसऱ्या खेपेला देवाचं नाव न घेता करा. साथीच्या दिवसांत पाणी उकळून प्या. एवढं केलं तर पोरं जगतात, आणि पोरं जगली तर देव आपोआप प्रसन्न असतो.

त्या संध्याकाळी देवकीनं तळ्याच्या पाण्याची घागर अंगणात उपडी केली. मनकर्णाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "निरोप म्या धाडला होता. आता वापस घ्याले मीच जाईन. इच्या गळ्याची आन."

गुरुवारी पहाटे मी तुळशीला पाणी घालत होते. ती दाराशी आली, मनकर्णाला माझ्या ओसरीवर निजवलं. पदरात चार लिंबं, हातात कल्हईची वाटी, डॉक्टरांनी दिलेली लाल दवेची पुडी कनवटीला. पायांतल्या जोडव्यांचा आवाज होऊ नये अशी हळू पावलं टाकत ती कळमन्याच्या वाटेला लागली.