वनाच्या मागे चालणाऱ्या बाई

१९६८ च्या जूनमध्ये माझी बदली धरणगावला झाली. मी बावीस वर्षांचा होतो आणि ती बदली मला शिक्षाच वाटली. शाळा कसली, केवलचंद शेठच्या बंद जिनिंगमधलं कापसाचं गोडाऊन ते! बाकीच्या शाळांनी नाव कमी केलेली, एकाच इयत्तेत तीनतीनदा बसलेली, मास्तरांच्या अंगावर धावून गेलेली पाचवी ते सातवीची एकोणीस पोरं तिथं होती. माझ्या आधीच्या शाळेतले गुरुजी निरोप देताना म्हणाले होते, "पंडित, छडी मजबूत घेऊन जा."

पहिल्याच दिवशी मुख्याध्यापिका पुष्पाबाईंनी ती छडी माझ्या हातातून घेतली आणि खिडकीच्या मोडक्या झडपेला अडसर म्हणून लावली. "बरं झालं, वाऱ्यानं फार आपटत होती," एवढंच म्हणाल्या.

बाई चाळिशीच्या, ठेंगण्या. ही शाळा मिळावी म्हणून तीन वर्षं त्यांनी जळगावच्या कचेऱ्यांचे जिने झिजवले होते.

पोरांत वना नावाचा तेरा वर्षांचा मुलगा होता. सोनगीरहून मामाकडे आलेला. तिथल्या मास्तरांच्या कपाळावर त्यानं पाटी फेकली होती. आमच्याकडे तो गणितं तोंडी सोडवायचा, माझ्यापेक्षा लवकर. पण वाचनाचा तास आला की खिडकीतून उडी मारून पसार.

"दार-खिडक्या बंद करू या," मी म्हणालो.

"बंद करायला हा काय कोंडवाडा आहे?" बाई म्हणाल्या. त्यांनी चपला घातल्या, वर्ग माझ्यावर सोपवला आणि त्याच्या मागे निघाल्या.

हाक नाही, धावणं नाही. वीस पावलांचं अंतर ठेवून त्या चालायच्या. वना मागे वळून ढेकळं मारायचा, बाई थांबायच्या. तो चालू लागला की त्याही चालू लागायच्या. रेल्वे रुळांपर्यंत जाऊन दोघं दुपारी परत यायचे. बाजारपेठेतली माणसं हसायची. आठ दिवस हे चाललं.

नवव्या दिवशी वना रुळाजवळच्या निंबाखाली बसला.

"बाई, तू मना मांगे कसाले येस?"

"तू कुठे जातोस ते मला ठाऊक नाही, म्हणून."

"मी कोठेच नही जास." त्यानं एक खडा रुळावर भिरकावला. मग म्हणाला, "अक्षरं हालतस. मी चुकस. बठ्ठा पोरं हसतस."

संध्याकाळी हे मला सांगून बाई म्हणाल्या, "सतरा वर्षं शिकवतेय, पंडितराव. अक्षरं हलतात, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तरी कुठं विचारलं होतं?"

त्यावरचा उपाय आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. बाईंनी तो चाचपडत शोधला. पुठ्ठ्यावर खळीनं सरकी चिकटवून मोठमोठी अक्षरं केली. वना डोळे मिटून त्यांवरून बोट फिरवायचा. एका जाड कागदाला एवढीशी फट पाडली, म्हणजे पुस्तकावर ठेवला की एकच शब्द दिसावा. 'व' पक्का व्हायला पंधरा दिवस लागले. कितीतरी दिवस काहीच जमायचं नाही. श्रावणात एकदा तो माझ्या मनगटाला कडकडून चावला आणि मी त्याच्या थोबाडीत मारली. तो पळाला. बाई मला रागावल्या नाहीत. "आज तुम्ही जा," म्हणाल्या. पावसाची उघडीप होती; भर उन्हात मी त्या पोराच्या मागे चाललो. तो मागे वळला की त्याच्या गालावर उमटलेली माझी बोटं वीस पावलांवरूनही दिसत होती. रुळाजवळ पोचल्यावर मी म्हणालो, "चुकलं माझं." त्यानं माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि तो माझ्याबरोबर परत आला.

जानेवारीत तपासणीला साहेब आले. ही शाळा चालू ठेवायची की नाही, हे त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. त्यांनी नेमकं वनाकडेच बोट केलं. "वाच."

वना उभा राहिला, पुस्तक उघडलं आणि पुढच्या क्षणी खिडकीबाहेर गेला.

बाईंनी चपला घातल्या. "साहेब, मी येते."

"अहो, तपासणी चालू आहे!"

"हो, पण माझा मुलगा बाहेर आहे," असं म्हणून त्या गेल्या.

साहेब घड्याळाकडे पाहत बसले. पाऊण तासानं दोघं आले. वना दारातच थांबला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही तिकडे तोंड करा. मंग वाचस."

साहेबांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मग उठून खुर्ची भिंतीकडे वळवली आणि पाठमोरे बसले. वनानं फटीचा कागद पानावर ठेवला. एकेक शब्द उपटून काढावा तसा तो वाचत गेला. चार ओळींना दहा मिनिटं लागली. एकदा अडखळला, तेव्हा पुढचा शब्द ठाऊक असूनही अठराच्या अठरा पोरं गप्प राहिली.

वाचून झालं तरी साहेब भिंतीकडेच तोंड करून होते. मग चष्मा पुसत उठले आणि शेरेबुकात काहीतरी लिहून निघाले. ते गेल्यावर आम्ही वाचलं : 'शाळा चालू ठेवावी. आणखी एक शिक्षक द्यावा.'

वना दुसऱ्या खेपेला सातवी पास झाला. पुढे तो रेल्वेत गँगमन म्हणून लागला. मी त्या गोडाऊनमध्ये अकरा वर्षं राहिलो. मधे दोनदा बदलीचा हुकूम आला. दोन्ही वेळा मी स्वतः जळगावला जाऊन तो रद्द करून आणला.