उजव्या डोळ्याचं कडं

हिवाळा लागला की दर रविवारी सकाळी सादिक हिंगोलीच्या तळ्यावर नवशिक्यांना पक्षी दाखवतो. हे खूळ मूळ माझ्या पोराचं, सोमेश्वरचं. गेल्या पावसाळ्यात तो काविळीनं गेला आणि त्याच्या या दोस्तानं ते चालू ठेवलं. मीही जाते. पक्ष्यांचं मला काडीचं कौतुक नाही. बदक म्हणजे बदक, त्यात थापट्या कुठला आणि तलवार बदक कुठलं! पण गळ्यात सोमेश्वरची दुर्बीण असते.

त्याचा उजवा डोळा कमजोर होता. दुर्बिणीच्या उजव्या भिंगाला एक कडं असतं, ते फिरवून ज्यानं त्यानं आपल्या डोळ्यापुरतं जुळवायचं. सोमेश्वरनं जुळवलं होतं तिथंच मी ते राहू दिलं. डावा डोळा मिटून त्यातून बघायची. तळं, बदकं, सगळं धूसर दिसायचं. मला ते धूसरच हवं होतं. पोराच्या डोळ्याचं तेवढंच माझ्याकडे उरलं होतं.

"दिसलं का, काकू?" सादिक विचारायचा.

"दिसलं की," मी ठोकून द्यायची.

या रविवारी डोंगरकडा गावची वैष्णवी आली, कॉलेजातली, पहिल्यांदाच. दुर्बिणी कमी पडल्या.

"काकू, तुमची द्या ना जरा. पोरगी कवाची नुसती उभी हाय," सादिक म्हणाला.

माझ्या जिवावर आलं. पण नवं माणूस न बघता परत गेलेलं सोमेश्वरला खपायचं नाही. दिली. कड्याला हात लावू नको, हे अगदी ओठांवर आलं होतं. चारचौघांत खुळ्यासारखं वाटेल म्हणून गिळलं.

पोरीनं डावा डोळा मिटला आणि सादिकनं सकाळीच सगळ्यांना शिकवलं होतं तसं उजवं कडं गर्रकन फिरवलं.

"अगं ए! काहून फिरवलंस?" मी एवढ्यानं ओरडले की काठावरचे शेकाटे उडाले.

"सरांनी सांगितलं तसंच करून राहिले व्हते मी, काकू." ती रडकुंडीला आली. पोरीचं काय चुकलं होतं? काहीच नाही. म्हणून तर जास्त संताप आला.

सादिकला सगळं सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "बराबर कुठं व्हतं ते? काही निशाणी केलती का, काकू?"

"न्हाई रे बाबा."

रोज पुसत होते, फडक्यात गुंडाळून ठेवत होते, पण एक खूण करायचं सुचलं नाही. त्यानं थोडं इकडं फिरवलं, थोडं तिकडं. "असं व्हतं?" मी काय सांगणार! शेवटी मीच हातात घेतली. फिरवता फिरवता बदकं एकदम लख्ख झाली. पीस न् पीस, चोचीवरून गळणारं पाणीसुद्धा. इतके रविवार येत होते, त्यांना आज पहिल्यांदा बघितलं.

मी घाबरून कडं मागे फिरवलं. सगळं पुन्हा धूसर झालं. पण आता ते माझ्या हातानं केलेलं धूसर होतं. माझं पोरगं त्यात कुठंच नव्हतं.