अन्ननलिकेतलं आतडं

माझ्या हातून कधी नमुन्यांची अदलाबदल झालेली नाही, आणि हे मी लॅबमध्ये सगळ्यांना ऐकवत असते. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, त्याचे पातळ पापुद्रे कापायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे, हे माझं काम. बघून निदान करायचं काम आमच्या डॉक्टर मॅडमचं. पण त्या दिवशीची एक काच दादाच्या अन्ननलिकेची होती, म्हणून मीच ती आधी सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

दादाला दहा वर्षं छातीत जळजळ. मीच भांडून त्याला दुर्बिणीची तपासणी करायला लावली होती, त्यातच हा तुकडा काढला होता.

पाहिलं आणि पुन्हा पाहिलं. अन्ननलिकेच्या अस्तरात चपट्या पेशी असतात, फरशा रचल्यासारख्या. इथे तर फुगीर, चिकट द्रावाने भरलेल्या पेशींच्या रांगा होत्या, आणि असल्या पेशी आतड्यात असतात. त्याच ट्रेमध्ये कुणाच्या तरी आतड्याचाही नमुना होता. म्हणजे मी घोळ घातला होता. अठरा वर्षांचा तोरा एका काचेने उतरवला.

तोंड पाडून मी मॅडमकडे गेले आणि चूक कबूल केली. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"तुझं काही चुकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यात बघ, चपट्या पेशी अजून शिल्लक आहेत. ही अन्ननलिकाच आहे."

मी त्यांच्याशी हुज्जत घातली. चूक माझीच असणार, पुन्हा बघा, म्हणून अक्षरशः विनवलं. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि समजावलं. पोटातलं ॲसिड वर्षानुवर्षं वर येत राहिलं, की कधीकधी तिथल्या पेशींच्या जागी आतड्यासारख्या पेशी तयार होतात, कारण त्यांना ॲसिड सोसतं. हा कर्करोग नव्हे, पण पुढे होऊ शकतो, म्हणून लक्ष ठेवावं लागणार. शरीर असं परस्पर अस्तर बदलतं आणि माणसाला पत्ताही लागू देत नाही, याचा मला संतापच आला.

दादाला अजून जळजळ होते का, असं मॅडमनी विचारलं. मी तिथूनच फोन लावला.

"ती वर्षापूर्वीच थांबली," दादा हसत म्हणाला. "बरा झालोय म्हणून सांगत होतो ना? पण तू ऐकतेस कुणाचं! उगाच घशात नळी घालायला लावलीस."

मी मॅडमना सांगितलं. ॲसिड अजून वर येतच असणार, पण या नव्या पेशी आल्या की जळजळ फारशी जाणवत नाही, म्हणाल्या. तिकडे दादा फोनवर विचारत होता, रिपोर्ट चांगला आलाय ना.

"दादा," मी म्हटलं, "ती जळजळ थांबायला नको होती रे."