विकत घेतलेले दोन महिने

आमच्या काचेच्या कारखान्यातली भट्टी बारा वर्षांत एकदाही विझली नव्हती. मध्येच विझवायची सोयच नसते. आतली वितळलेली काच गार झाली की थिजून दगड होते, विटा तडकतात आणि भट्टी भंगारात जाते. त्यामुळे वर्ष संपायला तीन महिने उरले असताना मॅनेजरांनी बोलावून सांगितलं की आपले धुराचे हक्क महिन्याभरात संपताहेत, तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली.

हक्कांची ही भानगड मी तोवर कानाआड केली होती. सरकार ठरवतं की सगळ्या कारखान्यांनी मिळून वर्षभरात हवेत एवढाच वायू सोडायचा. त्याचे वाटे पाडून प्रत्येकाला देतं. ज्याने कमी सोडला त्याने उरलेला वाटा विकावा, ज्याला कमी पडला त्याने विकत घ्यावा. विकत मिळाला नाही तर दंड, आणि तो भरण्यापेक्षा भट्टी विझवलेली परवडली, असं मालकांचं ठरलं होतं. मी म्हणालो, आज हवा विकताहेत, उद्या सावली विकतील. माझी जीभ अशीच आहे. बायको म्हणते, भट्टीपेक्षा तीच जास्त तापते.

तीन आठवडे विकणारं कोणी भेटेना. माझ्या हाताखाली अठरा माणसं, त्यातल्या निम्म्यांनी आयुष्यात दुसरं काम केलेलं नाही. जेवणाच्या सुट्टीत कोणी कोणाकडे बघत नसे. शेवटी एका कागद गिरणीने हक्क विकले. तिथल्या बॉयलरवरच्या एका बाईंनी वाफेच्या नळांतली गळती हुडकून हुडकून बंद केली होती, म्हणून त्यांच्याकडे ते उरले होते. आमचे दोन महिने भागतील एवढे. त्या दिवशी मी भट्टीसमोर उभा राहून ढसाढसा रडलो. कोणी पाहिलं नाही, असं मी अजून धरून चाललो आहे.

बाईंचा नंबर मिळवून फोनवर आभार मानले, पण मन भरेना. म्हटलं, ताई, एकदा या, तुम्ही वाचवलेली भट्टी डोळ्यांनी बघून जा. पुढच्या सुट्टीला त्या आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, मनगटावर भाजल्याचे जुने डाग. नातवाचं कौतुक सांगणाऱ्या आजोबांसारखं मी त्यांना सगळीकडे फिरवलं.

मग आमची खास रीत दाखवली. तापमान सांगणारा काटा भिंतीवर होता, पण माझ्या उस्तादांचं म्हणणं, काटा खोटं बोलेल, काचेचा रंग नाही बोलणार. म्हणून दर अर्ध्या तासाला भट्टीचं दार उघडायचं, डोळे बारीक करून रंग बघायचा, सळईने थोडी काच ओढून बघायची. दार लावायची घाई करायची नाही. मी अगदी निवांतपणे सगळं करून दाखवलं.

बाईंनी विचारलं, रोज असंच करता का. मी अभिमानाने म्हणालो, बारा वर्षं, एकही पाळी चुकवली नाही.

त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "दादा, राग मानू नका. दार उघडलं की गार हवा आत जाते, आणि ती तापवायला तुमचे बर्नर जास्त गॅस खातात. मी आठ महिने खपून जे वाचवलं, त्यातलं बरंचसं या दारातून जातंय."

मला राग आलाच. मी म्हटलं, "हक्क फुकट नाही घेतले, ताई. पैसे मोजून घेतलेत."

"घेतलेत की. त्याच पैशांतून आमचा नवा बॉयलर येतोय. पण सगळ्यांचे मिळून हक्क सरकार दरवर्षी कमी करतंय. पुढच्या वर्षी माझ्याकडे विकायला काही उरलं नाही, तर तुम्ही कोणाकडे जाल?"

मी चहा मागवला. चहा घेऊन त्या गेल्या, आणि मी दोन दिवस सगळ्यांवर डाफरत फिरलो. तिसऱ्या दिवशी दाराला हात न लावता एक पाळी काढली. हात नुसते शिवशिवत होते. काट्यावर नजर ठेवून बसलो आणि काच निघाली ती नेहमीसारखीच स्वच्छ. उस्तादांची मनातल्या मनात माफी मागितली. मग सगळ्यांना सांगितलं, दार दिवसातून दोनदाच.

पुढच्या वर्षी आम्हाला कमी हक्क मिळाले, तरी ते पुरले. भट्टी तिच्या ठरल्या वयापर्यंत चालली. आतली काच आधी काढून घेतली आणि मग हळूहळू, रीतसर ती निवू दिली. आता नवी, कमी गॅस खाणारी भट्टी आहे. अठराच्या अठरा माणसं तिच्यावर आहेत, आणि त्या बाईंचं नाव निघालं की माझी तापट जीभ आपोआप मऊ होते. एवढं खरं बोलणारं माणूस आपल्या दारी यावं, हे माझं नशीब.

परवा मॅनेजरांनी आमचे उरलेले हक्क एका कौलांच्या कारखान्याला विकले. संध्याकाळी तिथल्या भट्टीवाल्याचा फोन आला. म्हणाला, "दादा, तुमच्यामुळे आमची चूल पेटती राहिली. उद्या आभार मानायला येतो."

मी म्हटलं, "तुम्ही नका येऊ. मीच येतो तुमची भट्टी बघायला."